पाठिंबा, जात आणि मतांचे हस्तांतरण

लखनौ : नेत्याने दिलेला पाठिंबा दोन्ही बाजूंच्या जातीसमूहांनी स्वीकारला तरच मतांचे हस्तांतरण होते. उत्तर प्रदेशात २०१९च्या लोकसभा निवडणुकीत याची कसोटी लागली. लखनौच्या सरकारी अतिथिगृहात २ जून १९९५ रोजी मायावती यांना जमावाने घेरल्यानंतर समाजवादी पक्ष (सप) व बहुजन समाज पक्ष (बसप) यांच्यात वैर आले होते. १२ जानेवारी २०१९ रोजी दोन्ही पक्षांनी लखनौतच युती जाहीर केली. १९ एप्रिलला मायावती यांनी मैनपुरीत मुलायमसिंह यादव यांच्यासाठी मते मागितली. यादव विजयी झाले. मात्र राज्यातील ८० जागांपैकी बसपला १०, तर सपला ५ जागाच मिळाल्या. यादवबहुल मतदारसंघांतही सपची हक्काची मते टिकली नाहीत, असे सांगत मायावती यांनी जूनमध्ये स्वबळाची घोषणा केली.