मुक्कामाच्या गाडीत गादी खालून ओली होते? प्लास्टिक अंथरण्याआधी हे वाचा

दुधनी : रात्री पाऊस झालेला नाही, ताडपत्री कुठं फाटलेली नाही, तरी सकाळी गादी उचलली की खालची बाजू गार आणि ओलसर लागते. पत्र्यावर पाण्याचे थेंब दिसतात. कार्तिकीला पंढरपूरला किंवा दत्त जयंतीला गाणगापूरला गाडी करून जाणारे, दिंडीच्या ट्रकमध्ये झोपणारे, गळीत हंगामात कारखान्याच्या यार्डात नंबर येईपर्यंत ट्रॉलीत रात्र काढणारे, या सगळ्यांना हा अनुभव नवा नाही. अशा वेळी बहुतेक जण गादीखाली प्लास्टिकचा कागद अंथरतात. पण त्यानं ओल जात नाही, उलट गादीतच अडकून राहते.

ही ओल येते कुठून?

ती आपल्या अंगातूनच येते. झोपेत एक माणूस श्वासातून आणि कातडीतून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपानं बाहेर टाकतो. चार माणसं झोपली तर एक लिटर झालं. यातली काही वाफ गादीतून खाली उतरते.

गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. ३० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते, तर १५ अंशाला जेमतेम १३ ग्रॅम. थंडीच्या रात्री गाडीचा पत्रा झपाट्यानं गार होतो. अंगाच्या उबेनं वर आलेली वाफ खाली गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच हे. मधे प्लास्टिक घातलं की तेही पत्र्याइतकंच गार होतं आणि पाणी प्लास्टिकवर, म्हणजे थेट गादीच्या बुडाला जमतं.

गळती की दव? आधी हे बघा

• पाऊस झाल्यावरच ओल येते, एकाच कोपऱ्यात येते आणि डाग पडतो : गळती आहे. ताडपत्री, पत्र्याचे जोड आणि खिळ्यांची भोकं तपासा.
• पाऊस नसतानाही गार रात्रीनंतर ओल येते आणि माणूस झोपतो त्याच जागी जास्त असते : हे दव आहे. खालचे उपाय यासाठी आहेत.

उपाय : खालून हवा खेळू द्या

१) गादी पत्र्यावर थेट टाकू नका. मधे निदान दोन इंच मोकळी जागा हवी. लाकडी पट्ट्या आडव्या ठोकून, दोन पट्ट्यांत दोन-तीन बोटांची फट ठेवून चौकट करा. बाहेरच्या देशांत मुक्कामाच्या गाड्यांमध्ये गादीखाली अशाच पट्ट्या किंवा जाळी घालतात. आपली सुतळीची बाज याच कारणानं खालून कधी ओली होत नाही. जागा असेल तर नवार पट्टीची फोल्डिंग खाटही चालते.

२) चौकटीवर तागाचं बारदान किंवा जाड सतरंजी घाला, त्यावर गादी. ताग ओल शोषतो आणि उन्हात लवकर वाळतो. युरियाची पोती वापरू नका. ती प्लास्टिकची असतात, त्यातून हवा जात नाही. औषध किंवा खत भरलेलं कुठलंच पोतं अंथरुणात नको.

३) ताडपत्री चारी बाजूंनी गच्च बांधू नका. समोरासमोर दोन ठिकाणी चार-चार बोटांची फट ठेवा, एक खाली आणि एक वर. थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं तर सकाळी सगळंच ओलं मिळतं. त्यापेक्षा अंगावर एक वाकळ जास्त घ्या.

४) ओले टॉवेल, धोतरं, लुगडी आत वाळत घालू नका. आत स्वयंपाकही नको. एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत येतं.

५) उठल्याबरोबर गादीची घडी घालू नका. तासभर कडेवर उभी करा, ऊन आल्यावर दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा, मगच गुंडाळा.

हे मात्र करू नका

ओल घालवायला किंवा उबेसाठी बंद गाडीत कोळशाची शेगडी, शेकोटी किंवा गॅस पेटवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस झोपेतच जातो. ओली गादी परवडली, हे नको.

गादीखाली मीठ पसरण्याचाही उपयोग नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली तरच मीठ पाणी ओढतं, आणि मग तेच खारट पाणी पत्र्याला गंज चढवतं. कडुनिंबाचा पाला किडे दूर ठेवायला घालतात, ओल तो शोषत नाही.

घरातल्या फरशीवर काय?

आपल्याकडं काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि सप्टेंबरमध्ये पाऊस सगळ्यात जास्त. त्यामुळं शहाबादी फरशीवर टाकलेली गादीही खालून ओल धरते. इथं ओल जमिनीतून येते की हवेतून, हे आधी ओळखा. हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा फरशीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं बंद करा आणि एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खाली आले तर ओल जमिनीतून येते, वर आले तर हवेतून. जमिनीतून येत असेल तर प्लास्टिक फरशीला लागून घाला, पण त्यावर पट्ट्यांची चौकट आणि मग गादी. पेटीच्या दिवाणाला वरच्या प्लायवूडमध्ये आणि बाजूला भोकं पाडून घ्या.

बुरशी आली असेल तर

काळे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी. गादी बाहेर नेऊन, तोंडाला फडकं बांधून ब्रशनं झाडा आणि कडक ऊन द्या. कापसाची गादी उसवून, कापूस वाळवून पुन्हा पिंजून घेता येतो. फोमच्या आत बुरशी शिरली असेल तर ती टाकूनच द्या. दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना अशा गादीवर झोपवू नका. त्यांना रात्री खोकला किंवा धाप वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि अंथरूण ओलं असतं हेही त्यांना सांगा.