पीकचिन्हे, पुरातत्त्वीय

जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्राचीन अवशेषांमुळे वरच्या उभ्या पिकाच्या वाढीत व रंगात पडणाऱ्या आणि मुख्यतः हवेतून स्पष्ट दिसणाऱ्या फरकांना पुरातत्त्वविद्येत पीकचिन्हे म्हणतात. प्रागैतिहासिक स्थळांच्या, विशेषतः ब्रिटनमधील स्थळांच्या शोधास या चिन्हांनी मोठी चालना दिली. मात्र आकृतीवरून काळ ठरविणे किती धोक्याचे असते, हेही त्यांच्याच अभ्यासातून दिसून आले.

प्राचीन काळी खणलेला खंदक किंवा खांबाचा खड्डा कालांतराने मातीने भरून येतो. ही माती खोल व ओलावा धरणारी असल्याने तीवरील पीक उंच वाढते आणि उशिरा पिकते. याउलट पुरलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ असल्याने पीक खुरटते व लवकर पिवळे पडते. पाण्याचा चटकन निचरा होणाऱ्या खडूच्या व वाळूमिश्रित खड्यांच्या जमिनीत, गहू व सातू यांसारख्या पिकांत आणि अवर्षणाच्या वर्षी ही चिन्हे ठळक उमटतात. चिकण मातीत ती सहसा अस्पष्ट राहतात.

पिकातील अशा रेषांची नोंद विल्यम कॅम्डेन (१५५१–१६२३) याने रिचबरो येथे केली होती. परंतु त्यांचा पद्धतशीर अभ्यास पहिल्या महायुद्धानंतर सुरू झाला. ओ. जी. एस. क्रॉफर्ड व अलेक्झांडर कीलर यांचा वेसेक्स फ्रॉम द एअर (१९२८) हा या क्षेत्रातील आद्य ग्रंथ होय. तत्पूर्वी १९२५ मध्ये वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल याला स्टोनहेंजजवळच्या एका शेतात खंदकाचे वर्तुळ व त्यात ठिपके दिसले. १९२६ च्या उन्हाळ्यात गव्हाच्या पिकात ते अधिक स्पष्ट झाले. मॉड व बेन कनिंग्टन या दांपत्याच्या उत्खननात तेथे खांबांच्या खड्ड्यांची सहा अंडाकृती वलये आढळली. पूर्वी दफनाचा उंचवटा समजली गेलेली ही वास्तू आता वुडहेंज या नावाने प्रसिद्ध आहे.

छायाचित्राला उत्खननाची जोड का लागते, हे स्कॉटलंडमधील बॅलब्रिडी या स्थळावरून कळते. १९७६ मध्ये डी नदीकाठच्या शेतात एका मोठ्या आयताकृती लाकडी सभागृहाची आकृती दिसली. डून हिल येथील तशाच आकाराच्या वास्तूशी साम्य असल्याने ती आरंभीच्या मध्ययुगातील असावी, असे मानण्यात आले. १९७७ पासून झालेल्या उत्खननात जळालेले धान्य विपुल मिळाले व कार्बन–१४ पद्धतीने वास्तूचा काळ इ. स. पू. चौथ्या सहस्रकाचा पूर्वार्ध, म्हणजे नवाश्मयुग ठरला. अंदाज चार हजारांहून अधिक वर्षांनी चुकला होता. पुढे डून हिलची वास्तूही नवाश्मयुगीन असल्याचे आढळले; म्हणजे तुलनेचा आधारच सदोष होता.

इतरही कारणांनी अर्थनिर्णय चुकू शकतो. हिमयुगात गोठलेल्या जमिनीला पडलेल्या भेगा, नदीची जुनी पात्रे व आधुनिक नळांचे चर यांचीही चिन्हे उमटतात. वर्तुळ हे थडग्याभोवतीचा चर असेल वा गोल घराचा पाया. निरनिराळ्या काळांतील खुणा एकाच छायाचित्रात एकमेकींवर पडलेल्या दिसतात. शिवाय चिन्ह न दिसणे हा अवशेष नसल्याचा पुरावा नव्हे. आयर्लंडमध्ये अनेक पिढ्या अभ्यासल्या गेलेल्या न्यूग्रेंजच्या परिसरात एक मोठे वर्तुळाकार स्थळ २०१८ च्या अवर्षणात ड्रोनवरील कॅमेऱ्यामुळे प्रथमच उघडकीस आले.

अशी बहुतेक स्थळे नांगरटीमुळे सपाट झालेली असतात आणि पिकामुळेच ती पुन्हा दृष्टीस पडतात. पण तीच नांगरट उरलेले थरही हळूहळू खरवडून काढते. त्यामुळे कित्येक स्थळांच्या बाबतीत हवाई छायाचित्र हीच अखेरची नोंद ठरण्याचा संभव असतो. म्हणून चिन्हांचे नकाशे करणे, निवडक ठिकाणी उत्खनन करणे व महत्त्वाच्या जागा नांगरटीतून वगळणे ही तिन्ही कामे परस्परपूरक मानली जातात.