खुन्याच्या मनाचा शोध



गेल्या वर्षी वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, आमच्याकडे खून झाला की पंचनामा होतो, चार दिवस पारावर चर्चा होते आणि विषय मिटतो. हे कादंबरीवाले त्यावर पाचशे पानं लिहितात. त्यांना एवढं सुचतं कुठून?” मी त्याला डोस्टोव्हस्कीची हकीकत सांगितली. तीच आज तुम्हांला सांगतो.

फ्योदोर डोस्टोव्हस्की हा रशियन कादंबरीकार. तरुणपणी तो राजकारणाची चर्चा करणाऱ्या एका मंडळात जात असे. बंदी असलेले एक पत्र त्याने तिथे वाचून दाखवले, हा त्याच्यावरचा मोठा आरोप. रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणे २२ डिसेंबर १८४९ रोजी पीटर्सबर्गच्या मैदानात त्याला मृत्युदंड वाचून दाखवण्यात आला. पहिले तिघे खांबांना बांधले गेले. पुढच्या तिघांत हा उभा. बंदुका रोखल्या, आणि मग झारच्या माफीचा हुकूम आला! सारे आधीच ठरवलेले नाटक होते. खरी शिक्षा निघाली सैबेरियात, ओम्स्कच्या तुरुंगात चार वर्षे सक्तमजुरी.

पायांत बेड्या, आणि शेजारी झोपायला खुनी, दरोडेखोर. एरवी शहरातला सुशिक्षित माणूस त्यांना कोर्टात लांबून पाहणार; इथे त्यांच्याच पंगतीत बसावे लागले. त्याला नवल वाटले ते एका गोष्टीचे. पश्चात्ताप म्हणून काही त्यांच्या तोंडावर दिसेना. मग खून केल्यावर माणसाच्या आत होते तरी काय? माझ्या मते त्याच्या पुढच्या कादंबऱ्यांचे बी या प्रश्नात आहे.

अर्थात पोटाचीही निकड होतीच. १८६४ साली पत्नी आणि भाऊ दोघे वारले, भावाचे कर्ज याच्या डोक्यावर बसले. १८६५ मध्ये जर्मनीत जुगारात पैसे घालवून बसला असताना त्याने एका संपादकाला पत्र लिहून कथेचा आराखडा कळवला. गरीब विद्यार्थी सावकारणीचा खून करतो, आणि शिक्षा कोर्टाच्या आधी त्याच्या मनातच सुरू होते. हीच ‘गुन्हा आणि शिक्षा’ कादंबरी. ती १८६६ साली मासिकातून येऊ लागली, आणि नेमक्या त्याच महिन्यात मॉस्कोत एका विद्यार्थ्याने सावकाराचा व त्याच्या मोलकरणीचा खून केला. लेखकाने बातमी वाचून कथा रचली म्हणावे, तर इथे बातमीच मागून आली!

पण मला त्याहून मोठी वाटते ती इलिन्स्कीची गोष्ट. हा ओम्स्कमधला कैदी. वारशासाठी बापाला मारल्याचा आरोप त्याच्यावर शाबीत झालेला. तो कबूल कधीच झाला नाही. स्वभावाने हसरा, बेफिकीर. डोस्टोव्हस्कीने तुरुंगाच्या आठवणी लिहिताना त्याची कथा सांगितली, आणि पुरावा इतका स्पष्ट आहे की विश्वास ठेवणे भाग पडते, असा अभिप्रायही दिला. पुस्तकाचा पुढचा भाग छापून होईपर्यंत सैबेरियातून बातमी आली. खून दुसऱ्यांनी केला होता. इलिन्स्कीने फुकट दहा वर्षे भोगली होती.

डोस्टोव्हस्कीने ही बातमी त्याच पुस्तकात छापली. तरी गोष्ट त्याच्या मनातून गेली नाही. १८७९–८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘करामाझॉव बंधू’त दिमित्री नावाचा मुलगा बापाच्या खुनासाठी दोषी ठरतो, आणि खून त्याने केलेला नसतो. सगळा पुरावा त्याच्याविरुद्ध जातो; ज्युरीतले साधे शेतकरीसुद्धा त्याला दोषी म्हणतात. कच्च्या मसुद्यांत या पात्राचे नाव इलिन्स्की असेच लिहिलेले सापडते.