मेंदूची विद्युत् सक्रियता आणि वयोमान

मेंदूच्या बाह्यकातील (पृष्ठभागावरील करड्या थरातील) असंख्य तंत्रिका कोशिका एकाच वेळी उद्दीपित झाल्या, म्हणजे त्यांच्या सूक्ष्म विद्युत् दाबांची बेरीज होऊन तिचा परिणाम डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. तेथे हा दाब बहुधा १०० मायक्रोव्होल्टपेक्षा (मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दशलक्षांश भाग) कमी असतो. विवर्धकाच्या साहाय्याने त्यातील चढउतार नोंदविण्याच्या पद्धतीस विद्युत् मस्तिष्कालेखन म्हणतात. व्यक्तीचे वय ठाऊक नसेल, तर या आलेखाचा अर्थ लावता येत नाही. तीन-चार महिन्यांच्या अर्भकात जी मंद लय निरोगीपणाची खूण असते, तीच जाग्या प्रौढात मेंदूच्या विकाराची निदर्शक ठरते. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी यांसारख्या कुपोषणग्रस्त आदिवासी तालुक्यांच्या दृष्टीने या गोष्टीला जे महत्त्व आहे, त्याचे विवेचन शेवटी केले आहे.

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर (१८७३–१९४१) यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा पहिला आलेख मिळविला. परंतु तो प्रसिद्ध करण्यास त्यांनी पाच वर्षे घेतली. आपण स्नायूंचे किंवा हृदयाचे विद्युत् प्रवाह तर मोजीत नाही ना, ही शंका त्यांना छळत होती. पुष्कळशा नोंदी त्यांनी क्लाऊस या आपल्या किशोरवयीन मुलावरच घेतल्या. डोळे मिटून स्वस्थ बसले असता दिसणाऱ्या, सेकंदास सुमारे दहा कंपनांच्या तरंगांना त्यांनी आल्फा हे नाव दिले. १९३४ मध्ये केंब्रिज येथे ई. डी. एड्रियन व बी. एच. सी. मॅथ्यूझ यांनी पडताळा घेतल्यावर हा शोध सर्वत्र मान्य होऊ लागला. दरम्यान बेर्गर यांनी बालकांचेही आलेख घेतले होते. अमेरिकेत डॉनल्ड लिंड्झली यांनी तीच मुले पुन्हापुन्हा तपासून १९३९ मध्ये या लयीच्या वाढीचा क्रम मांडला. डोक्याच्या मागील भागात तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या सुमारास सेकंदास ३-४ कंपनांची लय प्रथम दिसते; वर्षाच्या मुलात ती ५-६, तीन वर्षांच्या मुलात ८ च्या आसपास व दहाव्या वर्षाच्या सुमारास १० होते. तंत्रिका तंतूंवर मायलिनाचे आवरण चढत जाते, थॅलॅमस व बाह्यक यांना जोडणारी मंडले पक्व होतात, तसतसा लयीचा वेग वाढतो.

जन्मापूर्वीच्या अवस्थेचे ज्ञान अकाली जन्मलेल्या अर्भकांमुळे झाले. पॅरिसमध्ये कोलेत द्रेफ्यूस-ब्रीझाक यांनी १९५० नंतरच्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. सुमारे २८ आठवड्यांच्या अर्भकात तरंगांचा एखादा झोत येतो व मग आलेख बराच वेळ जवळजवळ सपाट राहतो. आठवडे भरतात तशी ही शांतता आखूड होते. पूर्ण दिवसांच्या अर्भकाच्या गाढ झोपेत उंच व खुजे तरंग आळीपाळीने दिसतात आणि जन्मानंतर दीडदोन महिन्यांत तेही नाहीसे होतात. हा क्रम मुख्यतः गर्भधारणेपासून लोटलेल्या काळावर अवलंबून असतो, अर्भकाच्या वजनावर नव्हे.

पौगंडावस्थेतील बदल झोपेत दिसून येतो. अकराव्या वर्षापासून साडेसोळाव्या वर्षापर्यंत गाढ झोपेतील मंद डेल्टा तरंगांची तीव्रता साठ टक्क्यांहून अधिक घटते. या वयात अनावश्यक अनुबंधनांची (तंत्रिका कोशिकांमधील संपर्कस्थानांची) छाटणी होते, त्याचाच हा परिणाम असावा, असे अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ मध्ये सुचविले. वार्धक्यात आल्फा लय थोडी मंदावते. तथापि निरोगी वृद्धात ती बहुधा सेकंदास ८ कंपनांखाली जात नाही. तशी गेल्यास ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देणे योग्य नव्हे.

वयाचा हा क्रम कुपोषणाने बिघडतो काय, हा प्रश्न आफ्रिकेतील क्वाशिओरकोरग्रस्त (प्रथिनन्यूनतेने आजारी) बालकांच्या आलेखांमुळे १९५० नंतर पुढे आला. त्यांत मंद तरंगांचे आधिक्य आढळले. याहून उद्‌बोधक पुरावा बार्बेडोस बेटावरील आहे. तेथे आयुष्याच्या केवळ पहिल्या वर्षी तीव्र कुपोषण झालेल्या ४६ मुलांचे आणि ६२ सुदृढ मुलांचे आलेख १९७७-७८ मध्ये, ती ५ ते ११ वर्षांची असताना घेण्यात आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विश्लेषणात, पहिल्या गटात थीटा तरंग अधिक व आल्फा तरंग कमी, म्हणजे आलेख वयाच्या मानाने मागे असल्याचे दिसून आले. पन्नाशीच्या आसपास पुन्हा तपासले असताही दोन्ही गटांतील फरक टिकून होता. अशा फरकावरून एखाद्या मुलाच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत सुमारे नव्वद टक्के व डहाणूत दोनतृतीयांशांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत वारली बहुसंख्य. येथील दारिद्र्य जुने आहे. वारल्यांचा १९४५–४७ चा लढा वेठबिगारीविरुद्धच होता. भात-नागलीचा हंगाम संपला की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात, मुलेही बरोबर जातात आणि अंगणवाडीतील आहार व वजनाची नोंद नेमकी त्या महिन्यांत खंडते. याच जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात (तेव्हा ठाणे जिल्हा) वावर-वांगणी येथे १९९२ मध्ये झालेल्या बालमृत्यूंनी हा प्रश्न राज्यभर गाजला. मृत्यूंची निदान गणती तरी होते. वाचलेल्यांच्या मेंदूवर काय परिणाम झाला, तो वजनकाट्यावर दिसत नाही. गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देणारी, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाची अमृत आहार योजना २०१५ मध्ये आदिवासी भागांत सुरू झाली. मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने हाच काळ निर्णायक असतो.

वयाची नोंद ही येथील दुसरी अडचण. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यापूर्वी जन्मलेल्या अनेकांचे वय अंदाजानेच सांगितले जाते व मग लय वयाला साजेशी आहे की नाही, हे ठरविणे कठीण होते. नवजात अर्भकाच्या बाबतीत मात्र आलेखच वय सांगू शकतो. पावणेदोन किलो वजनाचे मूल दिवस भरण्यापूर्वी जन्मले की पूर्ण दिवसांचे असून गर्भातच उपाशी राहिले, हे मातेला शेवटच्या पाळीची तारीख आठवत नसल्यास वजनावरून कळत नाही. पहिल्या प्रकारात आलेखात सपाट विराम दिसतात. दुसऱ्यात उंच-खुजे तरंग आळीपाळीने येतात.