रात्रीची वारंवार लघवी : संगमनेर परिसराच्या संदर्भात

रात्रीची वारंवार लघवी म्हणजे झोपेच्या मुख्य काळात लघवीसाठी उठावे लागणे. आंतरराष्ट्रीय कंटिनन्स सोसायटीच्या २००२ च्या व्याख्येनुसार एकदा उठणेही या लक्षणात मोडते. मात्र त्या उठण्याआधी आणि नंतर झोप असली पाहिजे. प्रत्यक्षात दोन किंवा अधिक वेळा उठावे लागले की झोपमोड, दिवसाचा थकवा आणि अंधारात पडण्याचा धोका वाढतो. हा स्वतंत्र आजार नाही. त्यामागे मूत्राशय, प्रोस्टेट, मूत्रपिंड, हृदय, रक्तातील साखर किंवा झोप यांपैकी काहीही असू शकते. ‘वय झाले, आता हे असेच’ असे म्हणून ते सोडून देणे चूक आहे, आणि पुरुष दिसला की लगेच प्रोस्टेटची गोळी सुरू करणे हीसुद्धा तितकीच मोठी चूक आहे.

प्रवरेकाठच्या संगमनेर तालुक्यात हे लक्षण तपासताना इथला दिनक्रम आधी विचारावा लागतो. शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने रात्री मिळत आली. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तरी रात्री उसाला पाणी भरणे शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले आहे. पहाटे बारे धरायला (पिकाला पाणी द्यायला) उठलेला माणूस बांधावर लघवी करतो, ती या लक्षणात धरायची नाही, कारण तो लघवीसाठी उठलेला नाही. तो सकाळी घरी येऊन झोपला, तर त्या दिवशी तीच त्याची रात्र. दूधधंद्यात गोठ्याची कामे पहाटेच सुरू होतात, तिथेही हाच नियम. म्हणून घड्याळाऐवजी ‘झोपलो कधी, उठलो कधी’ हे लिहून घ्यावे.

निदान : सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तीन दिवसांची लघवीची नोंद. तिला एक वही आणि मिलिलिटरच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे मापपात्र एवढेच लागते. प्रत्येक वेळची लघवी मोजून वेळेसह लिहायची. चहा, पाणी, ताक किती आणि केव्हा घेतले तेही लिहायचे. झोपण्यापूर्वीची शेवटची लघवी दिवसाच्या खात्यात जाते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी मात्र रात्रीच्या खात्यात धरतात, कारण ती रात्रीच तयार झालेली असते. हा बारकावा चुकला की सगळा हिशेब फसतो.

समजा, ६८ वर्षांच्या एका शेतकऱ्याने दिवसभरात १,००० मिलि लघवी केली. रात्री तो तीनदा उठला : २५०, २०० आणि २५० मिलि. सकाळची पहिली ३०० मिलि. म्हणजे रात्रीची १,००० आणि चोवीस तासांची २,०००. रात्रीचा वाटा ५० टक्के. पासष्टीच्या पुढे हा वाटा ३३ टक्क्यांहून जास्त असेल, तर रात्री लघवी जास्त तयार होते असे मानतात. तरुणांत ही मर्यादा सुमारे २० टक्के आहे. या शेतकऱ्याचे मूत्राशय व्यवस्थित साठवते आहे. त्याच्या पायांवरची सूज, हृदय, झोप आणि संध्याकाळचे पिणे पाहायला हवे. याउलट, रात्री तीनदा उठूनही दर वेळी ६०-७० मिलिच होत असेल, तर दोष साठवणीत आहे : अतिक्रियाशील मूत्राशय, जंतुसंसर्ग, खडा किंवा प्रोस्टेट वाढल्यामुळे आत शिल्लक राहणारी लघवी. तिसरी शक्यता म्हणजे दिवसरात्र मिळूनच लघवी फार होणे. वजनाच्या दर किलोमागे चोवीस तासांत ४० मिलिपेक्षा जास्त लघवी झाली, तर मधुमेहाची तपासणी प्रथम करावी.

कारणांपैकी पायांची सूज नेहमी दुर्लक्षित राहते. दिवसभर उभ्याने काम केल्यावर पाय जड होतात आणि पायमोज्यांचे वळ उमटतात. आडवे झाल्यावर ते पाणी रक्तात परतते आणि मूत्रपिंडे ते रात्री बाहेर टाकतात. उच्च रक्तदाबासाठी दिली जाणारी अॅम्लोडिपिन ही गोळीही काहींच्या पायांना सूज आणते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली, तर रात्र जागरणातच जाते. मधुमेहावरील डॅपाग्लिफ्लोझिन साखर लघवीवाटे काढते, त्यामुळे लघवी वाढते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. मनाने एकही बंद करू नये. जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे हेही मोठे कारण आहे. श्वास अडकताना छातीतील दाब बदलतो, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो आणि लघवी वाढवणारे संप्रेरक स्रवते. अशा रुग्णाला श्वासयंत्र लावल्यावर रात्रीचे उठणेही कमी होते. स्त्रियांत गर्भारपण, रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा आणि अंग बाहेर येणे ही कारणे असतात. संकोचामुळे ती सांगितली जात नाहीत, म्हणून ती विचारावी लागतात.

तपासण्या मोजक्याच लागतात : लघवीची तपासणी, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी, क्रिएटिनिन, सोडियम आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरली हे दाखवणारी सोनोग्राफी. पुरुषांत गुदमार्गातून प्रोस्टेट तपासणे आणि गरजेनुसार पीएसए ही रक्ताची तपासणी. दम लागत असेल तर ईसीजी आणि टूडी इको. घुलेवाडीचे ग्रामीण रुग्णालय तालुक्यातच आहे. पुढच्या उपचारांसाठी राहाता तालुक्यातील लोणीचे वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९८४), नाशिक किंवा पुणे गाठता येते.

लघवीतून रक्त जाणे हे वेगळे प्रकरण आहे. संगमनेर विडी उद्योगाचे जुने केंद्र आहे, आणि तंबाखू ओढणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे. विडी ओढणाऱ्याच्या लघवीत एकदाच रक्त आले आणि दुखले नाही, तरी दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

उपचार : झोपण्यापूर्वी तीन-चार तास पाणी आणि चहा कमी करावा. मात्र दिवसभर तहान मारू नये. उन्हातान्हात काम करणाऱ्याला त्याने मुतखडा होऊ शकतो. दुपारी पाय उशीवर उंच ठेवून तासभर पडावे, सूज असेल तर घट्ट मोजे वापरावेत. मीठ कमी करण्याचा उपाय स्वस्त आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. जपानमधील नागासाकी विद्यापीठाच्या २०१७ साली मांडलेल्या अभ्यासात रोजचे मीठ १०.७ वरून ८ ग्रॅमवर आणलेल्या रुग्णांचे रात्रीचे उठणे सरासरी २.३ वरून १.४ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तर ५ ग्रॅमहून कमी आहे. रात्रीच्या भाकरीसोबतचा ठेचा, लोणचे आणि पापड या हिशेबात धरावेत.

औषधे कारणानुसार ठरतात. वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनने लघवीची धार सुधारते, पण रात्री झटकन उठल्यास चक्कर येऊ शकते. त्याच कारणासाठीच्या ड्युटास्टेराइडचा गुण यायला काही महिने लागतात. अतिक्रियाशील मूत्राशयासाठीच्या काही जुन्या गोळ्यांनी वृद्धांत तोंड कोरडे पडते आणि विसराळूपणा वाढतो. मिराबेग्रॉनमध्ये हे दुष्परिणाम कमी असतात, मात्र रक्तदाब पाहावा लागतो. डेस्मोप्रेसिन रात्रीची लघवी घटवते, पण रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. पासष्टीनंतर सोडियम तपासल्याशिवाय ते घेऊच नये. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेने धार लवकर सुधारते, रात्रीचे उठणे त्या मानाने कमी सुधारते. ही गोष्ट रुग्णाला आधीच सांगायला हवी.

घरातील व्यवस्था हाही उपचाराचा भाग आहे. वस्तीवरच्या अनेक घरांत संडास अंगणापलीकडे असतो आणि लगेच ऊस सुरू होतो. शेजारच्या अकोले खोऱ्यातील शेतशिवारात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. संगमनेरच्या उसातही बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. म्हाताऱ्या माणसाने अंधारात एकट्याने बाहेर जाण्यापेक्षा खाटेजवळ झाकणाचे भांडे ठेवणे शहाणपणाचे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. बाहेर जावेच लागले, तर दिवा, काठी आणि सोबत असावी. उठल्यावर मिनिटभर खाटेच्या कडेला बसून मगच उभे राहावे.

लघवी पूर्ण तुंबली, ओटीपोट फुगून दुखू लागले, तापासह थंडी वाजली किंवा आडवे पडल्यावर दम लागला, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.