हाफिजचे उद्यान

इराणमधील शिराज शहराच्या उत्तरेस, मुसल्ला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिसरात, फार्सी कवी हाफिज याचे समाधिउद्यान आहे. इ. स. १३९० च्या सुमारास हाफिज निवर्तला. मुसल्ल्याची बाग आणि रुक्नाबादचा झरा यांची थोरवी त्याने आपल्या गजलांतून गायिली होती. त्याच भूमीत त्याला चिरविश्रांती लाभली. या उद्यानाचा इतिहास पाहू लागले की एक प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो : कवीचे स्मारक उभारण्याचा अधिकार कोणाचा?

आरंभी हा अधिकार राज्यकर्त्यांनी बजावला. १४५२ मध्ये तैमूरवंशीय अबुल कासिम बाबर याच्या आमदानीत थडग्यावर घुमट उभा राहिला व रुक्नाबादच्या पाण्याने हौद भरण्यात आला. १७७३ मध्ये करीमखान झंद याने चार उंच पाषाणस्तंभांचे दालन बांधून बागेचे दोन भाग केले आणि हाफिजच्याच गजला कोरलेली संगमरवरी शिळा थडग्यावर बसवली.

१८९९ मध्ये हिंदुस्थानातील एका पारशी दानशूर गृहस्थाने तेथे नवी वास्तू बांधण्यास घेतली. हे कार्य जरथुश्त्री माणसाने करावे, हे शिराजमधील एका वजनदार धर्मशास्त्र्याला मानवले नाही आणि झालेले काम पाडण्यात आले. पुढे १९०१ मध्ये एका राजपुत्राने थडग्याभोवती लोखंडी कठडा घातला. ज्या कवीने धर्ममार्तंडांच्या दांभिकतेचा आयुष्यभर उपहास केला, त्याच्याच थडग्यावर हा वाद व्हावा, हे विलक्षणच होय.

वस्तुतः हिंदुस्थानशी हाफिजचा ऋणानुबंध जुना आहे. बहमनी सुलतानाच्या निमंत्रणावरून तो दक्षिणेस यावयास निघाला होता, परंतु हुर्मुझ येथे वादळाने धास्तावून परतला, अशी हकीकत फिरिश्त्याने दिली आहे. त्याच्या गजलांवर देवेंद्रनाथ ठाकुरांचे उत्कट प्रेम होते. त्यांचे पुत्र रवींद्रनाथ १९३२ च्या एप्रिलमध्ये या समाधीपाशी गेले आणि तेथे त्यांनी हाफिजच्या ‘दीवान’मधून कौल घेतला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३५ मध्ये, उद्यानाचे नूतनीकरण झाले. शिक्षणखात्याची धुरा वाहणारे अली असगर हिकमत यांनी त्यात पुढाकार घेतला. आराखडा फ्रेंच वास्तुतज्ज्ञ आंद्रे गोदार यांचा होता. जुने टाकून नवे उभारण्याचा मोह येथे आवरलेला दिसतो. करीमखानाचे चार स्तंभ राखून त्यांच्या जोडीला सोळा स्तंभ उभारले गेले आणि वीस स्तंभांचे प्रशस्त दालन तयार झाले. शिळाही तीच राहिली. तिच्यावर आठ खांबांनी तोललेला, दरवेशाच्या टोपीच्या आकाराचा तांब्याचा घुमट आला. त्याची आतील बाजू रंगीत नक्षीने मढवलेली आहे.

या छत्राला भिंती नाहीत आणि थडग्याभोवती आता कठडाही नाही. कोणत्याही दिशेने पायऱ्या चढून यावे, शिळेवर बोटे टेकवावीत आणि पाठ असलेली गजल म्हणावी, असा तेथील लोकांचा परिपाठ आहे. स्मारकाच्या अधिकाराविषयीचा तो जुना प्रश्न कोणत्याही राजाज्ञेने सुटला नाही. तो अखेर वाचकांनी सोडवला.