वैद्यकीय प्रयोगशाळा कर्मचारी : अर्हता व कार्यकौशल्य

रुग्णाचे रक्त, मूत्र, थुंकी, मल, ऊतक इत्यादींचे नमुने तपासून रोगनिदानास साहाय्य करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या व्यक्तीने घेतलेले विहित शिक्षण म्हणजे तिची अर्हता होय. नेमून दिलेली चाचणी ती व्यक्ती प्रत्यक्ष टेबलापाशी बिनचूक करू शकते की नाही, हा कार्यकौशल्याचा प्रश्न होय. अर्हता प्रमाणपत्राने सिद्ध होते. कार्यकौशल्य मात्र पुन्हापुन्हा तपासावे लागते. कारण उपकरणे बदलतात, रसायने बदलतात आणि सराव सुटला की हातही विसरतो. पहिली गोष्ट तपासणे कायद्याला सोपे जाते. महाराष्ट्रातील या विषयाचा इतिहास पाहता अर्हतेचे नियम वाढत गेले, पण कार्यकौशल्याची नियमित तपासणी मोजक्याच ठिकाणी रुजली, असे दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे काम बहुधा वैद्य स्वतःच करीत. काचसामान धुणे, जंतूंसाठी पोषक द्रव्ये तयार करणे, प्राण्यांची देखभाल करणे ही कामे साहाय्यकांकडे असत आणि ते पाहून पाहून शिकत. इंग्लंडमध्ये अशा साहाय्यकांची संघटना १९१२ मध्ये ॲल्बर्ट नॉर्मन यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. अमेरिकेत तंत्रज्ञांची परीक्षा घेऊन नोंदणी करणारे मंडळ १९२८ मध्ये विकृतिवैज्ञानिकांच्या संघटनेने काढले.

साहाय्यकाच्या हातावर किती अवलंबून असते याचा दाखला मुंबईतील प्रयोगशाळेच्या इतिहासात त्याआधीच मिळाला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये काम सुरू करून प्लेगची लस तयार केली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मल्कोवाल (आता पाकिस्तानात) या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी आयोगाने बाटली परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी असा निष्कर्ष काढला व हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. मात्र साक्षीपुराव्यात एक साधी गोष्ट होती. बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा साहाय्यकाच्या हातून जमिनीवर पडला होता. चिमटा ज्योतीत धरून निर्जंतुक करावयाचा असताना तो कार्बॉलिक अम्लात नुसता बुडवून पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात आणि अशा ओझरत्या धुण्याने ते मरत नाहीत. बाटली आधीपासून दूषित असती, तर उघडताना तिला दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. रॉनल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स या दैनिकात पत्र प्रसिद्ध करून हे मुद्दे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. हाफकिन दोषी की निर्दोष, या वादात साहाय्यकाला बीजाणू म्हणजे काय हे शिकविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मागे पडला.

बाँबे रक्तगट व तंत्रज्ञाची कसोटी : तंत्रज्ञाचे कार्यकौशल्य म्हणजे काय, हे समजण्यासाठी मुंबईतच लागलेल्या एका शोधाइतके चांगले उदाहरण नाही. य. मो. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९५२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद प्रसिद्ध केली. एरवी ‘ओ’ गटाच्या तांबड्या कोशिकांवर ‘ए’ व ‘बी’ हे प्रतिजन नसले, तरी त्या दोहोंचा पाया असलेला ‘एच’ हा प्रतिजन भरपूर असतो. नव्याने आढळलेल्या व्यक्तींच्या कोशिकांवर ‘एच’ही नव्हता, उलट त्यांच्या रक्तरसात ‘एच’विरुद्ध प्रतिपिंड होते. म्हणून अशा व्यक्तीला ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. तिला याच गटाच्या दुसऱ्या व्यक्तीचे रक्त लागते. या गटास बाँबे रक्तगट असे नाव पडले [⟶ रक्तगट].

हा गुणधर्म अप्रभावी असून आईवडील दोघांकडूनही आला तरच प्रकट होतो. म्हणून तो जवळच्या नात्यात विवाह होणाऱ्या समाजांत अधिक दिसतो, आणि असा रुग्ण सापडल्यास त्याची सख्खी भावंडे प्रथम तपासतात. यूरोपात तो दहा लाखांत एखाद्याला असतो. मुंबईत केलेल्या पाहणीत सु. ७,६०० व्यक्तींमागे एक असे प्रमाण आढळले. पुढील पाहण्यांत सापडलेल्या कुटुंबांपैकी बरीच पश्चिम महाराष्ट्रातील असून त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कुटुंबेही आहेत. त्यामुळे रत्नागिरीच्या तंत्रज्ञाला ही बाब पुस्तकातील अपवाद म्हणून सोडून देता येत नाही.

प्रयोगशाळेत होते ते असे. रुग्णाच्या कोशिकांत ‘ए’विरोधी व ‘बी’विरोधी रक्तरस मिसळले, तर गुठळ्या होत नाहीत, तंत्रज्ञ ‘ओ’ असे लिहितो. काळजी घेणारा तंत्रज्ञ उलट बाजूनेही तपासतो. म्हणजे रुग्णाचा रक्तरस घेऊन त्यात माहीत असलेल्या ‘ए’ व ‘बी’ गटांच्या कोशिका मिसळतो. दोन्हींत गुठळ्या होतात आणि उत्तर पुन्हा ‘ओ’च येते. दोन चाचण्यांचा मेळ बसल्याने चूक अधिकच पक्की होते. तिसऱ्या नळीत ‘ओ’ गटाच्या कोशिका घातल्या तरच नेहमीच्या ‘ओ’ व्यक्तीत कधी न दिसणाऱ्या गुठळ्या दिसतात आणि रहस्य फुटते. ‘एच’विरोधी द्रव्याने त्याची खात्री करता येते. ही तिसरी नळी वेळ वाचविण्यासाठी गाळली, तर शेवटचा अडसर उरतो तो जुळणी चाचणीचा, म्हणजे रुग्णाचा रक्तरस व दात्याच्या कोशिका एकत्र करून पाहण्याचा. रात्री प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबत नसताना, नातेवाईक दाराशी उभे असताना, ‘ओ’च्या एकामागून एक पिशव्या जुळत नाहीत असे दिसले, तर रसायन खराब झाले असावे अशी शंका मनात येणे स्वाभाविक असते. त्या वेळी पुढचे पाऊल कोणते हे जाणणाऱ्या तंत्रज्ञावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो, कारण न जुळणारे रक्त चढविल्यास रुग्णाच्या शरीरात तांबड्या कोशिका फुटून मृत्यू ओढवू शकतो. अशा नमुन्यांच्या निर्णयासाठी १९५७ मध्ये मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र स्थापन झाले. तेच पुढे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था बनले. संदर्भ केंद्र असले, तरी नमुना तेथे पाठविण्याइतकी शंका रत्नागिरीतच यावी लागते.

रक्तपेढ्यांचे नियम : प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांची अर्हता भारतात कायद्याने प्रथम काटेकोर ठरली ती रक्तपेढ्यांपुरती, आणि तीही औषधांच्या कायद्यातून, कारण रक्त हे कायद्याच्या दृष्टीने औषध ठरते. १९९० च्या सुमारास केंद्र शासनाने करविलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक रक्तपेढ्या परवान्याविना चालत असल्याचे उघड झाले. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निर्णय देऊन राष्ट्रीय व राज्य रक्तसंक्रमण परिषदा स्थापन करण्याचा आदेश दिला. रक्त विकणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत १९९३ व १९९९ मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनुसार तंत्रज्ञाला वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रविद्येची पदवी व रक्ततपासणीचा सहा महिन्यांचा अनुभव, किंवा पदविका (बोलण्यात डीएमएलटी) व एक वर्षाचा अनुभव असावा लागतो. अनुभवाची ही अट महत्त्वाची आहे. प्रमाणपत्रापलीकडे कायद्याने टाकलेले ते एक पाऊल होय. मात्र अनुभव वर्षांत मोजला जातो, त्या काळात काय करता येऊ लागले हे कोणी पाहत नाही. २००१ च्या दुरुस्तीने ग्रामीण रुग्णालयांसारख्या ठिकाणी केवळ रक्त साठविणाऱ्या केंद्रांना परवान्याच्या अटीतून सूट मिळाली. डोंगराळ तालुक्यांना हा मोठाच दिलासा होता, पण त्याबरोबर जुळणी चाचणीची जबाबदारी तालुक्याच्या ठिकाणच्या तंत्रज्ञावर येऊन पडली.

हिवताप व क्षयरोग : हाताचे काम खरोखर तपासण्याची पद्धत सरकारी साथरोग कार्यक्रमांत आढळते, आणि तिचा गौरव क्वचितच होतो. हिवताप निर्मूलन कार्यक्रम १९५८ मध्ये सुरू झाला. १९७७ च्या सुधारित योजनेने रक्ताच्या काचपट्ट्या तपासण्याचे काम प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेले आणि तेथे तंत्रज्ञ दिसू लागले. त्यांनी तपासलेल्या काही काचपट्ट्या वरच्या प्रयोगशाळेत पुन्हा पाहिल्या जात. क्षयरोग कार्यक्रमात १९९७ नंतर ही पद्धत अधिक नेमकी झाली. सर्वसाधारणपणे पाच लाख लोकसंख्येमागे एक वरिष्ठ प्रयोगशाळा पर्यवेक्षक नेमण्यात आला. थुंकीच्या काचपट्ट्यांमधून काही नमुनादाखल निवडून पहिला निष्कर्ष न सांगता दुसऱ्याकडून वाचून घेतल्या जाऊ लागल्या. चूक आढळली की तंत्रज्ञाला दोष देण्याआधी रंगद्रव्य, सूक्ष्मदर्शकाचे भिंग व दिवसाकाठी वाचाव्या लागणाऱ्या काचपट्ट्यांची संख्या तपासावी, असा संकेत आहे. तो सुज्ञपणाचा वाटतो.

खाजगी प्रयोगशाळा : चिपळूण, खेड, दापोली, राजापूर अशा गावांतील रुग्णांची नित्याची गरज भागते ती मुख्यतः लहान खाजगी प्रयोगशाळांवर. त्यांपैकी बऱ्याच पदविकाधारक तंत्रज्ञांनी काढलेल्या असतात. अहवालावर सही कोणाची, हा येथील जुना वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी गुजरातमधील प्रकरणात, प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिविज्ञानात पदव्युत्तर अर्हता असलेल्या नोंदणीकृत वैद्याचीच प्रतिस्वाक्षरी असावी, असा निर्णय दिला. तंत्रज्ञाने काढलेल्या आकड्यांचा अर्थ लावणे हे वैद्याचे काम आहे, ही त्यामागील भूमिका रास्त आहे. परंतु तालुक्यात विकृतिवैज्ञानिक नसेल तेथे एकाच तज्ञाची सही दूरच्या अनेक प्रयोगशाळांच्या अहवालांवर उमटू लागते. तेव्हा नियमाचे अक्षर पाळले जाते व हेतू निसटतो. तज्ञांची उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने डेरवणचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय (२०१५) व रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२०२३) यांना जिल्ह्यात विशेष महत्त्व आहे. केंद्राचा चिकित्सालयीन आस्थापना अधिनियम २०१० मध्ये झाला व त्याखाली प्रयोगशाळांची किमान मानके २०१८ मध्ये निघाली. तथापि तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र नव्हता. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा खाटा असलेल्या रुग्णालयांच्या दृष्टीने केलेला आहे. तंत्रज्ञांच्या शिक्षणाला व नोंदणीला देशव्यापी चौकट देणारा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला.

याच्या तुलनेत अमेरिकेतील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्या घाईने वाचल्याने झालेल्या चुका १९८७ मध्ये वृत्तपत्रांतून उघड झाल्यावर १९८८ मध्ये तेथे सर्व प्रयोगशाळांसाठी कायदा झाला. त्याखालील नियमांनुसार गुंतागुंतीच्या चाचण्या करणाऱ्या कर्मचाऱ्याला काम करताना प्रत्यक्ष पाहणे, त्याच्या नोंदी व उपकरणांची निगा तपासणे, उत्तर माहीत असलेला नमुना त्याला न सांगता देणे आणि अडचण आल्यास तो काय करील हे विचारणे आवश्यक ठरले. पहिल्या वर्षी हे दोनदा व नंतर दरवर्षी करावे लागते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या १५१८९ या क्रमांकाच्या मानकातही (पहिली आवृत्ती २००३) कर्मचाऱ्यांच्या कार्यकौशल्याचे मूल्यमापन अपेक्षित आहे. भारतात या मानकानुसार प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ आहे, पण मान्यता घेणे सर्वसाधारणपणे ऐच्छिक असून तिचा खर्च लहान गावातील दोन माणसांच्या प्रयोगशाळेस झेपण्यासारखा नसतो. अशा प्रयोगशाळांना विशेष चाचण्यांचे नमुने मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर येथील मोठ्या प्रयोगशाळांकडे पाठविणे सोयीचे पडते. रक्त घेणे, नळीवर योग्य नाव लिहिणे आणि नमुना थंड ठेवून वेळेत रवाना करणे ही कामे तेथेही स्थानिक कर्मचाऱ्याकडेच राहतात. नाव चुकले किंवा रक्त उन्हात तापले, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या उत्तम यंत्रालाही ते उमगत नाही.